हाड कापून छोटं केलं तर दहा वर्षांनी हात कसा असेल?

पत्र: ताई नमस्कार. मी फोंड्याजवळ राहते, वय ३८. घरून नेवऱ्या (करंज्या), लाडू, चकल्यांच्या ऑर्डरी घेते, चवथीला, म्हणजे गणपतीत, तर श्वास घ्यायला वेळ नसतो. चार वर्षांमागे पावसात स्कूटर स्लिप होऊन उजवं मनगट मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर होतं, मग बरं झालं. पण गेलं दीड वर्ष करंगळीच्या बाजूने मनगट असं दुखतं की नेवरीला मुरड घालताना डोळ्यांत पाणी येतं. पट्टा झाला, गोळ्या झाल्या, एक इंजेक्शन झालं, दोन महिने बरं वाटलं आणि परत तेच. आता डॉक्टर म्हणतात करंगळीकडचं हाड ४ मिलीमीटर लांब झालंय, ते कापून छोटं करू आणि प्लेट लावू. सासूबाई म्हणतात, हाड कापून कोणाचा हात कधी बरा झालाय का. शेजारच्या मुलाचं पण असंच ऑपरेशन झालं, पण त्याचं अंगठ्याकडचं हाड कापलं, मग माझं दुसरंच का? मला आत्ताचं नको, दहा वर्षांनी हात कसा असेल ते सांगा. आणि हो, सकाळी मशेरी लावायची सवय आहे, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. त्याने काही होतं का?

उत्तर:

ताई, आधी तुम्हाला हवंय तेच सांगते. हे ऑपरेशन योग्य कारणासाठी झालं आणि कापलेलं हाड नीट जुळलं, तर बहुतेकांचा हात दहा वर्षांनीही चांगला असतो. दुखणं एकदा गेलं की सहसा परत येत नाही, पकड वाढते, आणि माणूस आपलं आधीचं काम करतो. पण या वाक्यातले जे दोन "तर" आहेत ना, कारण योग्य असणं आणि हाड जुळणं, त्यांच्यावरच सगळं उभं आहे, म्हणून हे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी सर्जन नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, मडगावात गेली वीस वर्षं हातांचंच काम करते. ऑपरेशन डॉक्टर करतात आणि त्यानंतरचे महिने पेशंट आमच्याकडे असतात, काही जण तर वर्षांनंतरही मान नाहीतर गुडघा घेऊन येतात, तेव्हा मी पहिला त्यांचा जुना हात बघते. त्यामुळे "नंतर काय झालं" हे मला बऱ्यापैकी बघायला मिळालंय.

पहिली गोष्ट, तुमचं करंगळीकडचं हाड लांब झालेलं नाहीच. अडतिसाव्या वर्षी हाड वाढत नाही. झालं काय की तुम्ही पडलात तेव्हा अंगठ्याकडचं हाड मोडलं, ज्याला डॉक्टर रेडियस म्हणतात, ते प्लास्टरमध्ये जुळताना थोडं खाली बसलं, म्हणजे आखूड झालं. बाजूचं हाड, अल्ना, होतं तेवढंच राहिलं, आणि आता ते शेजाऱ्यापेक्षा ४ मिलीमीटर पुढे आलंय. ४ मिलीमीटर म्हणजे दोन तांदळाचे दाणे शेजारी शेजारी आडवे ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढं. ऐकायला काहीच नाही वाटत.

पण मनगटाचा हिशोब मिलीमीटरचाच असतो. १९८४ साली अमेरिकेत पामर आणि वर्नर यांनी मृत व्यक्तींच्या हातांवर मोजून बघितलं होतं. दोन्ही हाडं बरोबरीला असली तर मनगटावरचं साधारण ८२ टक्के वजन अंगठ्याकडचं हाड घेतं आणि करंगळीकडच्या हाडावर येतं फक्त १८ टक्के. तेच करंगळीकडचं हाड २.५ मिलीमीटर लांब केलं की त्याच्यावर ४२ टक्के जातं, आणि २.५ मिलीमीटर छोटं केलं तर ४ टक्क्यांच्या आसपास उरतं. आता तुमचे ४ मिलीमीटर धरा, आणि वर दिवसाला दोनशे नेवऱ्या, आदोळीवर नारळ खवणं, पुरणाचं भांडं एका हाताने कलतं करणं. करंगळीकडच्या हाडाच्या आणि मनगटाच्या छोट्या हाडांच्या मधे एक गादी असते, रिपोर्टात टीएफसीसी लिहिलेलं असतं ती, ती दर वेळी चेपते, झिजते, शेवटी भोक पडतं आणि मग हाडावर हाड टेकायला लागतं. मुरड घालताना तुम्ही काय करता बघा, पालथा हात, चिमटीत कड, आणि मनगट करंगळीकडे वाकवून पीळ. नेमकी हीच पोझिशन डॉक्टर दुखणं पकडायला वापरतात, म्हणजे तुम्ही दिवसभर स्वतःच स्वतःची टेस्ट घेत असता. डोळ्यांत पाणी येणारच.

सासूबाईंना सांगा की हे काही आज निघालेलं खूळ नाही. तुमच्यासारखंच, मनगट मोडून वाकडं जुळलेल्या पेशंटचं अल्नातून हाडाची एक चकती काढून ते छोटं करायचं, हे मिल्च नावाच्या सर्जनने १९४१ मध्येच छापून मांडलं होतं. तेव्हा आजच्यासारख्या प्लेटी नव्हत्या, आता आहेत, मापात कापायला साचे (जिग) पण मिळतात, पण विचार तोच आहे. त्यांची भीती मात्र मला खोटी वाटत नाही. आपल्याकडे हाड म्हणजे शरीराचा खांब, चांगला उभा असलेला खांब मुद्दाम करवतीने कापायचा हे कोणालाही विचित्रच वाटणार.

शेजारच्या मुलाचं सांगते. त्याचे डॉक्टर चुकलेले नाहीत आणि तुमचेही नाहीत, दोन वेगळे आजार आहेत. त्याला बहुतेक किनबॉक असणार. मनगटाच्या मधोमध चंद्रकोरीसारखं एक छोटं हाड असतं, ल्युनेट, त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ते हळूहळू मरायला, खचायला लागतं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट किनबॉक यांनी १९१० मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. यातल्या बऱ्याच जणांचं करंगळीकडचं हाड जन्मापासूनच थोडं आखूड असतं, म्हणजे तुमच्या बरोब्बर उलट, आणि सगळा भार अंगठ्याकडच्या हाडावरून त्या बिचाऱ्या ल्युनेटवर येतो. म्हणून त्याच्या केसमध्ये अंगठ्याकडचं हाड दोन-तीन मिलीमीटर छोटं करतात. त्यातही वीस-वीस वर्षांनी बघितलेले पेशंट आहेत, आणि गंमत म्हणजे एक्सरेमध्ये हाड थोडं आणखी खराब दिसत असूनही बऱ्याच जणांचं दुखणं गेलेलंच राहतं, हात कामाला येतो. तर तत्त्व एकच, भार कमी करायचा. कोणतं हाड जास्त पुढे आहे त्यावर कोणतं कापायचं ते ठरतं. तुमच्या एमआरआयच्या रिपोर्टात पण ल्युनेटचं नाव येऊ शकतं, त्याच्या करंगळीकडच्या कोपऱ्यावर डाग आहे वगैरे, तर घाबरून जाऊ नका, तो सहसा अल्ना टेकून टेकून पडलेला असतो, किनबॉक नव्हे.

आता पहिला "तर". कारण योग्य आहे का? करंगळीच्या बाजूने दुखणारं प्रत्येक मनगट लांब हाडामुळे दुखत नाही. तिथून एक शीर, म्हणजे टेंडन, जाते तिला सूज असू शकते, दोन हाडांमधला सांधा सैल असू शकतो, नुसती गादी फाटलेली असू शकते. आणि एक्सरेमध्ये हाड लांब दिसतंय पण दुखत काहीच नाही अशीही माणसं भरपूर आहेत. तुमच्या बाबतीत मला तीन गोष्टी बऱ्या वाटतात, मनगट मोडल्याचा इतिहास आहे, दुखणं वळवताना आणि पिळताना येतं, आणि इंजेक्शनने दोन महिने का होईना फरक पडला, म्हणजे दुखणं सांध्याच्या आतूनच येत असण्याची शक्यता वाढते. पट्टा, गोळ्या, इंजेक्शन सगळं करून दीड वर्ष गेलंय, म्हणजे घाई केली असंही कोणी म्हणणार नाही. पट्टा लावून सुद्धा तुम्ही ऑर्डरी चालूच ठेवल्या असणार हे मला माहितीये, पण त्याबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही, घर चालवायचं असतं.

तरी डॉक्टरांना काही गोष्टी नक्की विचारा, आणि विचारताना लाजू नका. एक, हे ४ मिलीमीटर कोणत्या एक्सरेवर मोजले? हात पालथा ठेवला की हे हाड जास्त लांब दिसतं, मूठ आवळली की आणखी, एक-दोन मिलीमीटरचा फरक नुसत्या पोझिशनने पडतो. म्हणून खांदा आणि कोपर काटकोनात ठेवून घेतलेला सरळ एक्सरे हवा, आणि जमल्यास मूठ आवळलेला एक वेगळा. दुसऱ्या हाताचाही एक एक्सरे काढायला सांगा, कारण तुमचं मनगट मोडण्याआधी कसं होतं हे डाव्या हातावरूनच कळणार. दुसरं, आणि तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं, अंगठ्याकडचं हाड नुसतं आखूड झालंय की मागे कललंयसुद्धा? डॉक्टर त्याला टिल्ट म्हणतात. कल जास्त असेल तर नुसतं करंगळीकडचं हाड कापून भागत नाही, मूळ हाडच सरळ करावं लागतं, ते मोठं ऑपरेशन आहे पण तिथे तेच बरोबर. तिसरं, मनगटाच्या जरा वर ही दोन हाडं एकमेकांना जिथे टेकतात तो सांधा, डीआरयूजे, त्याचा आकार कसा आहे. याच्यावर मी पुढे परत येणार आहे कारण दहा वर्षांचा प्रश्न तिथेच अडकलेला आहे.

काही जण तुम्हाला दुर्बिणीच्या ऑपरेशनचं सांगतील, हाडाच्या टोकाचा दोन-तीन मिलीमीटरचा पापुद्रा घासून काढतात, वेफर म्हणतात त्याला. प्लेट नाही, हाड जुळायची भानगड नाही, छान आहे, पण त्यातून जास्त हाड काढता येत नाही, आणि तुमचे ४ मिलीमीटर त्याच्या मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडेच जातात. विचारायला हरकत नाही.

आता दुसरा "तर", हाड जुळणं. ऑपरेशनमध्ये काय करतात, मनगटापासून थोडं वर, करंगळीच्या बाजूने आठ-दहा सेंटिमीटरची चीर देतात, हाडाचा ठरलेला तुकडा कापून काढतात, दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून सहा-सात स्क्रूंची प्लेट बसवतात. कापलेली जागा तिरकी असेल तर टेकायला जागा जास्त मिळते म्हणून ती सहसा लवकर जुळते. तुकडा काढायला अर्धा तास पुरत असेल, पण ते परत एक व्हायला दोन ते चार महिने लागतात, कधी सहा. हे हाड हट्टी आहे, त्या भागात रक्त कमी. आणि फसवणूक इथे होते की दुखणं आधी जातं आणि हाड नंतर जुळतं. सहा-सात आठवड्यांत आतलं टेकणं थांबल्यामुळे पेशंटला इतकं हलकं वाटतं की त्याला वाटतं झालं काम.

माझ्याकडे एक पोदेर, म्हणजे पाववाला, येत होता, सासष्टीतला, घरची भट्टी, पहाटे तीनला उठून पीठ मळणारा माणूस. सातव्या आठवड्यात येऊन म्हणाला दुखत नाही, मी हालचाल बघितली, खरंच छान होती, मी खूश झाले आणि हलकी कामं सुरू करा म्हटलं. एक्सरे परत बघायला पाठवायला हवं होतं, मी पाठवलं नाही. त्याची हलकी कामं म्हणजे पिठाची पोती ओढणं हे मला विचारायचं सुचलं नाही. तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा हात लाल, कोपराच्या दिशेने कळ, एक्सरेमध्ये दोन स्क्रू सैल आणि मधली फट उघडी. परत ऑपरेशन झालं, कमरेच्या हाडातून कलम घेऊन भरलं, सहा महिने भट्टी भावाने बघितली. आज त्याला सहा वर्षं होऊन गेली, हात चांगला आहे, पण ते सहा महिने माझ्या एका वाक्यामुळे गेले हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून एक्सरेवर हाड जुळलेलं दिसल्याशिवाय मी कोणालाही साधा ओला टॉवेलसुद्धा पिळू देत नाही. तुम्हीही कोणाचं ऐकू नका, माझंही नाही, एक्सरेचं ऐका.

आणि आता मशेरी. ताई, तुम्ही हे पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय, माझ्यासाठी ते पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य आहे. तंबाखूतलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि कापलेलं हाड त्याच बारीक रक्तवाहिन्यांच्या भरवशावर जुळत असतं. याच ऑपरेशनवर, अल्ना छोटं करण्यावरच, २००१ मध्ये अमेरिकेतून एक अभ्यास आला होता, सिगरेट न ओढणाऱ्यांचं हाड सरासरी ४ महिन्यांत जुळलं आणि ओढणाऱ्यांचं ७ महिन्यांत. त्याहून वाईट म्हणजे ओढणाऱ्यांपैकी ३० टक्के जणांचं हाड फार उशिरा जुळलं किंवा जुळलंच नाही, न ओढणाऱ्यांत असं एकालाही झालं नाही. तो अभ्यास सिगरेटचा होता, मशेरीचा नव्हता, पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि हिरडीतून निकोटीन रक्तात मजेत जातं. "मी काही ओढत नाही" असं म्हणून सुटका नाही. मला माहितीये की ही सवय लाजेची करून ठेवलीय आपल्याकडे, बायका डॉक्टरांना सांगत नाहीत, डॉक्टर बायकांना विचारत नाहीत, फॉर्मवर "स्मोकिंग: नाही" लिहिलं जातं आणि पुढे हाड का जुळत नाही म्हणून सगळे डोकं धरून बसतात. तुम्ही सांगा. पुढच्या भेटीत, बसल्या बसल्या, पहिलं वाक्य हेच. आणि ऑपरेशनच्या निदान महिना-दीड महिना आधीपासून बंद, हाड पूर्ण जुळेपर्यंत बंद. एकदम जमत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, मदत मिळते, पण निकोटीनचं च्युइंगम स्वतःच्या मनाने आणून चालू करू नका कारण त्यातही तेच निकोटीन असतं. शुगर आणि व्हिटॅमिन डी पण तपासून घ्या, त्याला काही फार लागत नाही.

बरं, हाड जुळलं असं धरू. पुढे काय.

पहिलं वर्ष हळूहळू सुधारण्याचं असतं. तीन महिन्यांवर कोणी विचारलं "कसा आहे हात" तर तुम्ही बहुतेक म्हणाल की काही खास नाही, उगीच केलं. माझे अर्धे पेशंट तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असेच चिडलेले असतात. ताकद आठ-दहा महिने वाढत राहते. म्हणून निकाल वर्षाने लावायचा, आधी नाही. पकड बऱ्याच जणांची दुसऱ्या हाताच्या ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर पोचते. तळहात वर-खाली फिरवणं सहसा चांगलं राहतं, तुमच्या केसमध्ये मूळ फ्रॅक्चरमुळे जे आधीच कमी झालंय ते मात्र सगळं परत येईल असं धरू नका.

प्लेट ही दुसरी गोष्ट. करंगळीच्या बाजूला हाडावर मांसच नसतं, हात लावून बघा, कातडी आणि लगेच हाड. तिथे धातूची पट्टी आली की ती हाताला लागते. टेबलावर हात टेकला की टोचते, आणि बायकांच्या बाबतीत मी सारखी बघते ती गोष्ट म्हणजे काकणं. एक पेशंट आहे माझी, कुंकळ्ळीची, तिच्या ऑपरेशनला नऊ वर्षं झाली, हात उत्तम, नारळ सोलते, पण उजव्या हातात काकणं भरत नाही कारण ती बरोबर प्लेटच्या टोकावर येऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत तिथली कातडी लालबुंद होते. लग्नकार्याला तेवढी दोन घालते आणि मांडवातून बाहेर आली की काढून पर्समध्ये टाकते. तिला प्लेट काढायची नाहीये, दुसरं ऑपरेशन नको म्हणते, आणि नाही काढली तरी बिघडत काही नाही. पण बरेच जण काढून घेतात. किती जण, हा आकडा अभ्यासाअभ्यासात खूपच बदलतो, कुठे अगदी थोडे, कुठे जवळजवळ निम्मे. प्लेट तळहाताच्या बाजूने बसवली तर कमी टोचते, तेव्हा डॉक्टरांना आधीच विचारा कुठे बसवणार. काढायचीच झाली तर वर्ष-दीड वर्षाच्या आत अजिबात नाही, आणि काढल्यावरही काही आठवडे हात जपायचा, कारण स्क्रूंची भोकं भरेपर्यंत हाड तिथे कच्चं असतं, नुसत्या धक्क्याने परत मोडलेलं ऐकलंय. याशिवाय चिरेच्या खाली, करंगळीच्या पाठीवर थोडा बधीरपणा राहू शकतो, तिथून एक नाजूक नस जाते. बहुतेकांचा तो कमी होतो, नाही झाला तरी कामाला अडत नाही.

तिसरी गोष्ट, जी तुमच्या दहा वर्षांच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, ती म्हणजे तो डीआरयूजे सांधा. दोन हाडं इतकी वर्षं एका ठराविक जागी एकमेकांना टेकत होती. आता त्यातलं एक ४ मिलीमीटर मागे सरकवलं की टेकण्याची जागा बदलते, दाब वाढतो. सांध्याची कड सरळ किंवा बाहेर उघडणारी असेल तर ते निभावून जातं. पण काहींची कड उलट्या बाजूला तिरकी असते, तिथे हाड मागे ओढलं की ते कडेवर घासायला लागतं. म्हणून मघाशी म्हटलं त्याचा आकार विचारा. काही वर्षांनी एक्सरे काढले तर थोड्या पेशंटमध्ये या सांध्यात झीज दिसते, हाडाला छोटं टोक आलेलं दिसतं. पण दिसणं वेगळं आणि दुखणं वेगळं, त्यातल्या बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. तुमचं मनगट आधीच मोडलेलं असल्यामुळे त्या सांध्यात झीज सुरू आहे का हे आत्ताच बघून घ्यायला हवं. आधीच बरीच झीज असेल तर हे ऑपरेशन तुमच्यासाठी नाही, आणि हे आधी कळलेलं बरं.

आणि न केलं तर? हाही विचार करा, कारण दहा वर्षं तर अशीही जाणारच आहेत. जीवाला धोका नाही, हात गळून पडणार नाही. काही जण काम बदलून, पट्टा लावून चालवून घेतात. पण ४ मिलीमीटरचा फरक आपोआप कमी होत नाही आणि पिळायचं काम चालू राहिलं तर गादी आणि मनगटाची छोटी हाडं झिजत जातात. तुमचं पोटच मुरड घालण्यावर आहे, म्हणून तुमच्या जागी मी असते, आणि टिल्ट जास्त नसता, तो सांधा चांगला असता, तर मी करून घेतलं असतं. मशेरी सुटल्यावर. त्याच्या आधी नाही.

वेळेचं बघा. चवथीच्या आधी करायचा विचार असेल तर सोडून द्या, तो सगळा सीझन जाईल. दिवाळीच्या ऑर्डरी आणि तुळशीचं लग्न आटपलं की करा. नोव्हेंबरच्या शेवटी झालं तर मार्चपर्यंत हाड जुळायला वेळ मिळतो, शिगम्यापर्यंत घरातली हलकी कामं, मेपासून ताकदीचे व्यायाम, आणि पुढच्या चवथीला नेवऱ्या करता येतील, पण दोनशे नाही. पहिल्या वर्षी ऑर्डरी निम्म्या घ्या आणि मुरड घालायला कोणीतरी हाताशी ठेवा, तुम्ही सारण आणि लाटणं बघा. स्कूटरही हाड जुळेपर्यंत नाही, ॲक्सिलरेटर त्याच मनगटाने पिळायचा असतो. कदंबाची बस आहे, नाहीतर कोणाच्या मागे बसून जा. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची, पूर्ण मूठ, पूर्ण उघड, तासातासाला, हे कोणी सांगितलं नाही तरी करायचं, नाहीतर हाड जुळतं आणि बोटं आखडतात.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही पण डोक्यात असणारच. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर, तीन किंवा कमी माणसांच्या घराला वर्षाला २.५ लाखांपर्यंत आणि चार किंवा जास्त असतील तर ४ लाखांपर्यंत मिळतं, पण हे नेमकं ऑपरेशन त्यांच्या यादीत कशाखाली बसतं ते हॉस्पिटलच्या काउंटरवर तारीख घ्यायच्या आधी विचारा, कार्ड रिन्यू झालंय का तेही बघा. दुसरं मत हवं असेल तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ऑर्थो ओपीडीत जा, सकाळी लवकर जावं लागतं, आणि जाताना चार वर्षांपूर्वीचे प्लास्टरच्या वेळचे एक्सरे घेऊन जा. ते कपाटावर कुठेतरी पिशवीत असतील, शोधा, कारण हाड कधी आणि किती बसलं ते त्यांच्यावरच दिसणार आहे.

सासूबाईंना एकदा सोबत घेऊन जा डॉक्टरांकडे. एक्सरे लाईटवर लावला आणि दोन हाडांची टोकं वर-खाली दिसली की त्यांना माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा लवकर कळेल. आणि ऑपरेशनची तारीख ठरली की उजव्या हातातली काकणं आणि अंगठी आदल्या रात्री घरीच, साबणाचा हात लावून सावकाश काढून ठेवा. सकाळी हॉस्पिटलमध्ये घाईत काढायला गेलं की काकणं फुटतात, हाताला काच लागते, आणि तिथे जखम झाली तर डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतात.